विमलच्या चेहऱ्याच्या काचा

३ ऑक्टोबर १९५४, रविवार

सकाळपासून निगेटिव्हच्या एकाच काचेवर बसलो. धानाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, तोंडभर देवीचे वण. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने एकेक वण बुजवला. बाप फोटो न्यायला आला, बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, "मास्टरजी, आपने तो लड़के को नया जनम दे दिया." हे काम मला कोणी शिकवले नाही. शाळा चौथीपर्यंत. बाकी सगळे पुस्तकातून, डिक्शनरी मांडीवर घेऊन. गोंदियात दुसरा कोणी असा हात दाखवावा.

चहा घेऊन आमची विमल आली. पदर नाकापर्यंत ओढलेला. कप ठेवला नि तशीच परत.

गुरुवारपासून ती शाळेत गेली नाही हे आज कळले. तिच्या मायने पोट दुखते म्हणून सांगितले. पोट नाही. खोदून विचारले तेव्हा बोलली. वर्गात कविता वाचायला उभी राहिली तर मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणाली, सीताफळ. मग रोज तेच. सीताफळ आले, सीताफळ बसले. बाजारात सध्या टोपल्याच्या टोपल्या येऊन राहिल्या आहेत, म्हणजे कोणाला विसर पडायची सोय नाही.

"मले नाई जाचं आता." येवढेच.

मॅट्रिकचे वर्ष. मार्चात परीक्षा. आमच्या दोन्ही घराण्यांत कोणी पोरगी इथवर आली नाही. पुढे मास्तरणीचे शिक्षण घ्यायचे, हे तिचे तिनेच ठरवलेले.

५ ऑक्टोबर

दोन वर्षे झाली विमलच्या चेहऱ्यावरच्या या फोडांना. आधी कपाळावर बारीक पुरळ होते, तेव्हा कोणी मनावर घेतले नाही. मीही नाही. आता गालांवर नि हनुवटीवर. लाल, आतून गाठीसारखे, दाबले की दुखणारे. बसले तरी काळपट डाग ठेवून जातात.

बेसन, हळद, निंबाचा पाला, मसुरीची डाळ, सगळे लावून झाले. शेजारची म्हणते अंगात गरमी आहे. समोरचा पानवाला म्हणतो लगीन करून द्या, आपोआप जातात. विमलची माय म्हणते, "मलेबी झाले होते. गेले. तुमी कायले येवढा जीव टाकता?"

तिला झाले होते तेव्हा तिला शाळा नव्हती.

दुपारच्या गाडीने सालेकशाहून माझा साळा चैतराम आला. जंगलातली चारोळी घेऊन आला पुडीभर, दुधात वाटून लावायला. विमलने लावली. मग रात्री भाकरीबरोबर उरलेली चारोळी तोच खाऊन बसला. म्हणे, "भाची, तुले बाहेरून, मले आतून." ती हसली. पुष्कळ दिवसांनी.

१० ऑक्टोबर, रविवार

ठरवले. असे हे लाव, ते लाव, याने काही कळायचे नाही. एका वेळी एकच उपाय. आणि दर रविवारी एक काच. तीच खुर्ची, तीच उत्तरेची खिडकी, सकाळची तीच वेळ, कॅमेऱ्याच्या पायांना फरशीवर खडूच्या खुणा. म्हणजे औषध लागू पडते की नाही ते माणसाच्या बोलण्यावर राहणार नाही.

विमल बसायला तयार नव्हती. म्हटले, हे फोटो कोणाला दाखवायचे नाहीत, कपाटात कुलपात. बसली. पदर फक्त काच उघडी असेपर्यंत खाली, की लगेच वर. काळ्या कपड्यात डोके घालून पाहिले, काचपडद्यावर ती उलटी, डोके खाली. आम्हाला सगळी माणसे उलटीच दिसतात, सवय आहे.

काच धुतली. रसायनात फोड ठळक आले. लाल दिव्याखाली पाहतानाच कळले.

१ नोव्हेंबर

दवनीवाड्याला दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला गेलो, सगळे घर. रात्री दंडारीचे नाटक होते, पण आमचे काम वैद्यबुवांकडे. माझ्या बापाला यांनीच काविळीतून उठवले होते, म्हणून वि.च्या मायचा यांच्यावर भरवसा.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली. म्हणाले रक्त तापले आहे. मंजिष्ठ नि अनंतमुळाचा काढा, सकाळ-संध्याकाळ. चिंच, मिरची, गूळ, शेंगदाणा बंद. किती दिवस, विचारले तर म्हणाले सहा महिने तर धराच, रोगाला यायला दोन वर्षे लागली, जायला वेळ द्या.

विमल पदरातून बोलली, "सहा महिन्यात तं परीक्षा होऊन जाते, बुवा."

बुवा हसले. म्हणाले, परीक्षा तोंडाने द्यायची की हाताने? बोलणे बरोबर होते, पण वर्गात जाऊन बसायला तोंड लागतेच.

येताना बैलगाडीत मंडईतली सगळी माणसे ओळखीची. ती गाठोड्यासारखी बसून होती.

२८ नोव्हेंबर, रविवार

काढा नेमाने चालू. कडू असा की घ्यायच्या आधी ती विहिरीकडे तोंड करून उभी राहते. पथ्य मीही पाळून राहिलो, तिच्यासोबत. मिरचीशिवायची भाजी म्हणजे काय ते कळले.

ऑक्टोबरपासूनच्या सगळ्या काचा आज खिडकीला ओळीने उभ्या केल्या. फरक नाही. हनुवटीवर तर वाढले. वैद्यबुवांवर दोष नाही, त्यांनी सहा महिने सांगितलेच होते. पण माझ्याजवळ सहा महिने नाहीत.

शाळेच्या मोठ्या बाईंनी निरोप पाठवला. हजेरी कमी पडली तर फॉर्म अडेल. घरी अभ्यास करते, हे खरे. गणिते तर भराभरा सोडवते. पण हजेरी घरी लागत नाही.

३० नोव्हेंबर

रेलटोलीचे डॉक्टर. विमलला घेऊन गेलो. त्यांनी आरशासारखे भिंग लावून पाहिले, सावकाश पाहिले. मला आवडले. म्हणाले, घाण नाही, रक्ताचा दोष नाही, खाण्याचाही फारसा नाही. कातडीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात, या वयात जास्त तेल सोडतात, पिशवीचे तोंड बंद झाले की आत सडते. येवढे साधे मला कोणी सांगितले नव्हते.

औषध: गंधकाचे पाणी. बाटलीत खाली साका बसतो, चांगले हलवून रात्री लावायचे. कोरडे पडेल, साल निघेल, घाबरायचे नाही. केसाला तेल कमी. फोडायचे नाही. दोन-तीन महिन्यांनी बोला म्हणाले.

पुन्हा महिने. मी विचारले, याहून लवकर काही? तेव्हा म्हणाले, नागपूरला एक डॉक्टर किरणांचे यंत्र चालवतात. चेहऱ्यावर थोडे थोडे किरण देतात, त्या पिशव्याच सुकतात. पुष्कळांना लवकर गुण येतो. पण, म्हणाले, "मी माझ्या मुलीला देईन का, हे मला विचारू नका. मला अजून ठरवता आले नाही. पुढे कातडी पातळ होते असे काही जण लिहून राहिले आहेत."

किरणांचे यंत्र. घरी येईपर्यंत डोक्यात तेच. उजेडाने मी वीस वर्षे पोट भरतो आहे. उजेडाने बरे होत असेल तर मला तरी कळले पाहिजे.

९ डिसेंबर

एकटाच नागपूरला जाऊन आलो. आधी पाहावे, मग पोरीला न्यावे.

यंत्र पाहिले. काय सुंदर वस्तू. पितळी मान, अंतर मोजायचा दांडा, वेळेचे घड्याळ. किती अंतरावरून किती वेळ, सगळे मोजून. मी विचारलेल्या प्रश्नांनी डॉक्टर खुश झाले, तुम्ही कुठे शिकला म्हणून विचारले. घरी, म्हटले.

मला राहवले नाही. काळ्या कागदात गुंडाळलेली एक कोरी काच पिशवीत नेली होती. म्हटले, यावर घराची किल्ली ठेवून थोडे किरण देता का. हसले, पण दिले.

एक गोष्ट टिपली. यंत्र चालू करताना डॉक्टर नि त्यांचा कंपाउंडर शिशाच्या पडद्याआड गेले. मलाही ओढले. समोरच्या खुर्चीवर एक पोरगा बसला होता, गालावर किरण घेत, तो एकटा पडद्याबाहेर. विचारले. म्हणाले, आम्ही रोज इथे असतो, तो मोजक्या वेळा येणार. उत्तर पटण्यासारखे आहे. तरी तो पोरगा डोळ्यांपुढून जात नाही.

जानेवारीची तारीख घेऊन आलो. नको वाटले तर कळवा म्हणाले, कोणी जबरदस्ती नाही.

१० डिसेंबर

काच धुतली. किल्ली आली. कागदातून आरपार, दात न् दात मोजून घ्यावा अशी. बाकी काच काळीभोर.

वि.च्या मायला दाखवली. तिने हातात घेतली, पदराला हात पुसून परत पाहिली. "कागदातून गेला का हा उजेड? मंग गालात जाऊन थांबते कुठं?"

काचेवर एकदा उजेड पडला की तो परत काढता येत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो.

तोवर गंधकाचे पाणी सुरू केले. विमल म्हणे दिवाळीच्या फटाक्यासारखा वास येते.

१९ डिसेंबर, रविवार

नेहमीच्या काचा संपत आल्या. नागपूरच्या दुकानदाराजवळही नाहीत, पुढे लग्नसराई, त्याने नवीन जातीच्या पाठवल्या. जास्त चांगल्या, जास्त महाग. डब्यावर लिहिले आहे, लाल दिव्यातही धुवायच्या नाहीत, पूर्ण अंधारात. पहिली बोटांनी चाचपडून धुतली. या वयात नवीन शिकलो आणि पहिल्याच फटक्यात जमले. जुन्यांतल्या दोनच उरल्या, त्या ठेवून दिल्या.

२ जानेवारी १९५५, रविवार

गुण आला.

गेल्या रविवारपासून वाटत होते, आज नक्की. नवीन काचेचा नि नोव्हेंबरच्या काचेचा फोटो छापून शेजारी ठेवले. नोव्हेंबरात काळे काळे ठिपके, आज गाल जवळजवळ साफ. कपाळ साफ. हनुवटीवर थोडे धूसर. पेन्सिल लावायची गरज नाही येवढे.

डॉक्टर देवमाणूस. गंधकाचे पाणी. येवढीशी बाटली.

वि.च्या मायला हाक मारली. तिने फोटो पाहिला, मग आत विमलकडे पाहून आली, मग परत फोटो. "फोटोत तं बरीच दिसते," म्हणाली. तिचे असेच असते.

९ जानेवारी, रविवार

नागपूरला कार्ड टाकले, तारीख नको. मनावरून धोंडा उतरला.

मोठा फोटो करून विमलपुढे ठेवला. म्हटले, हे बघ. उद्यापासून शाळा. तिने किती तरी वेळ पाहिला. मग तोच फोटो पालथा ठेवला. "हो," म्हणाली.

१० जानेवारी

गेली नाही. मी बोललो. पुरावा हातात दिला तरी पोरगी मानत नाही म्हणजे काय. लोक काय म्हणतात ते खरे, नि बापाची काच खोटी? आवाज चढला. ती चुलीजवळ बसून ऐकत राहिली, पदर तसाच. तिची माय म्हणाली, "झालं का बोलून? जा मंग, गिऱ्हाईक उभा आहे."

२१ जानेवारी, शुक्रवार

आज भर दुकानात माझी फजिती. लिहून ठेवतो.

संक्रांतीनंतरच्या पहिल्या मुहूर्तावर एका घरची जोडी फोटो काढून गेली होती. नवरीची सासू आज फोटो घेऊन परत आली, मागे तिची जाऊ, मागे आणखी दोघी. फोटो टेबलावर आपटला.

"मास्टरजी, बहू की टिकली कहाँ गई?"

पाहिले. नवरीचे कपाळ कोरे. येवढी रुपयायेवढी लाल टिकली लावून बसली होती, मला आठवते. फोटोत कातडीसारखीच कातडी. म्हातारी म्हणे, "नई बहू का माथा सूना कर दिया. इसे मैं दीवार पर टाँगूँ?" रडायलाच आली. मी हात जोडले. फुकट काढून देतो म्हटले. जाऊ म्हणाली, मास्टरजी आजकल पेन्सिल जास्त चलाते हैं.

पेन्सिल मी लावलीच नव्हती. वीस वर्षांत हजार कपाळे काढली, टिकली नेहमी काळी, ठसठशीत.

त्या गेल्यावर काचांचा डबा पुढे ओढला. जुनी काच लाल दिव्यात का धुता येते? कारण लाल तिला दिसतच नाही. लाल तिला काळे. नवीन काच लाल पाहते, कातडीसारखेच उजळ उमटवते, म्हणून तिला लाल दिवा चालत नाही. हे मी डब्यावर वाचले. अंधारात धुतली, स्वतःची पाठ थोपटली. आणि पुढचे येवढे डोक्यात आले नाही.

टिकली लाल. विमलचे फोड लाल.

२२ जानेवारी

ठेवलेल्या दोन जुन्या काचांपैकी एक काढली. विमलला म्हटले, एकदा बस. बसली. एक फोटो जुन्या काचेवर, लगेच दुसरा नवीन काचेवर. तीच खुर्ची, तीच घडी.

दोन पोरी आल्या. एक ऑक्टोबरातली, एक माझ्या मनातली.

तिच्यापुढे दोन्ही ठेवल्या नि सांगितले, काच बदलली म्हणून तसे दिसले, औषधाने नाही. माझी चूक.

"मले तं आरशातच दिसत होतं, बाबा."

"मग सांगितले काऊन नाही?"

"तुमी येवढे खुश होते."

दुकान लवकर बंद केले.

२३ जानेवारी, रविवार

नेमाने कॅमेरा लावला, खुर्ची ठेवली. ती आली, बसली, पदर सोडायला हात लावला. मी कपड्यात डोके घातले नि बाहेर काढले. कॅमेरा बाजूला सारला. दुसरी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. पेन्सिलकामाचे भिंग घेतले.

"बाबा, काय करून राह्यले?"

"पाहतो."

चार महिन्यांत पहिल्यांदा तिला सरळ पाहिले. दर रविवारी उलटी पाहत होतो, नि बाकी दिवस पदर.

आधी तिला लाज वाटली. मग तीच सांगायला लागली. ही इथली गाठ कार्तिकातली, ही जुनी, हा फक्त डाग आहे, हात लावून पाहा, सपाट आहे. हा नवीन. कानाजवळचे गेले ते परत आले नाहीत. आधी दर आठवड्याला नवीन गाठ यायची, आता कमी. तिने सगळे ध्यानात ठेवले आहे. माझ्या काचांत यातले काही नव्हते. काच रंग सांगते, तोही आपल्या मर्जीने. बोट उंची सांगते.

डाव्या गालावर बोट फिरवले. खरेच, बरेच डाग सपाट आहेत. लाल आहेत, पण सपाट.

म्हणजे गुण आहे. फोटोत दिसला तेवढा नाही. शून्यही नाही.

३० जानेवारी, रविवार

चैतराम आला. नागपूरचा विषय परत निघाला. त्याचे म्हणणे, किरण घ्या नि मोकळे व्हा, पोरगी घरात कोंडून ठेवण्यापेक्षा बरे. त्याचे बोलणे मला टाकून देता येत नाही. परीक्षा तोंडावर आली. वि.ची माय किल्लीची काच घेऊन आली नि त्याच्या पुढ्यात ठेवली. तो म्हणे, "बहिणाबाई, ही तं तुमच्या घराची किल्ली आहे, चोराले नोको दाखवू."

मी रेलटोलीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो, काचेची हकीकत सांगितली. ते हसले नाहीत. विमल सोबत होती, त्यांनी तिचा चेहरा परत पाहिला, त्यांच्या मते पाणी लागू पडून राहिले आहे, हळू. किरणांची वाट उघडी आहे, उद्याही राहील. पाणी सोडून किरण घेता येतात, किरण घेऊन ते परत देता येत नाहीत. माझ्याच काचेसारखे झाले.

मग मी जे आधी करायला पाहिजे होते ते केले. तिला विचारले.

विमल भांडी घासत होती. मग म्हणाली, "मार्चात पेपर आहे. नागपूरले जाणं-येणं करत बसली तं ते दिवस जाईन. आता हेच लावतो. उन्हाळ्यात पाहू." आणि मग, "उद्या शाळेत जातो. सीताफळाचे दिवस सरले."

चैतराम म्हणे, "आता बोराचे आहेत." तिने ओली राख त्याच्या अंगावर उडवली.

३१ जानेवारी

गेली. पदर खांद्यावर. वि.ची माय कोपऱ्यापर्यंत गेली, मी दुकानातून पाहिले. संध्याकाळी काय झाले विचारले तर म्हणे काही नाही. नंतर मायला सांगितले, एक बोलली, दुसरीने तिला चूप बसवले. बाई म्हणाल्या, गणिताची राहिलेली पाने उतरवून घे.

हजेरीचे पाहून घेते, असे मोठ्या बाई म्हणाल्या. नक्की काही नाही.

१३ फेब्रुवारी, रविवार

खुर्चीवर बसली. कॅमेरा नाही. भिंग नि बोट. कपाळ पुष्कळ निवळले. हनुवटीवर दोन नवीन, दुखतात. साल निघून राहिली आहे, नाकाजवळ कोरडे. डॉक्टर म्हणाले एक दिवसाआड लावा. मी विचारले, पूर्ण जाईल का? म्हणाले, जाईलसे वाटते, डाग पुसट व्हायला वर्ष धरा. "वाटते" या शब्दावर मी आता रागावत नाही.

वैद्यबुवांचा निरोप होता, काढा सोडला का म्हणून. सोडला. मिरची मात्र विमलला आता सोसत नाही, त्यांचे येवढे राहिले.

फॉर्म गेला. हजेरीचे जमले.

२६ फेब्रुवारी, शनिवार

शाळेचा ग्रुप फोटो. दरवर्षीचे काम माझेच. मॅट्रिकच्या मुली, मधे मोठ्या बाई.

काल रात्री जेवताना विमलला म्हटले, तू सांग, कोणत्या काचेवर काढू. नव्या काचेवर सगळ्या साफ येतील. जुनी मोठी काच उसनी मिळेल, कामठा रस्त्यावरच्या फोटोवाल्याजवळ आहे. तिच्यावर जे आहे ते काळे येईल. तू म्हणशील तसे.

तिने घास संपवला. "बाईचं कुंकू येवढं मोठं असते. तुमी ते गायब करसान तं बाई मले नापास करन." मग हसणे सोडून म्हणाली, "जुनीवरच काढा. बाईचं कुंकू दिसते तसं दिसू द्या सगळं."

जुनीवर काढला. पटांगणात ऊन तिरपे, मुलींना डोळे उघडे ठेवा म्हणून ओरडून घसा बसला. विमल पहिल्या ओळीत, बाईंच्या डावीकडे. बसायला तीच जागा तिने घेतली की बाईंनी दिली ते मला कळले नाही, मी कपड्यात होतो. काचपडद्यावर सगळ्या उलट्या. तिला शोधावे लागले नाही.

२८ फेब्रुवारी

काच धुतली. लाल दिव्याखाली. कागदावर छापून पाहिला, बाईंचे कुंकू काळेभोर. विमलच्या गालावर ठिपके आहेत, ऑक्टोबरपेक्षा कमी, हे तर काच कोणतीही असो खरे. हनुवटीवर ते दोन.

मोठ्या बाईंनी सांगून पाठवले आहे, मुलींचे चेहरे नीट करा, दरवर्षीसारखे. सगळ्यांचे थोडे थोडे करायचेच असते. पेन्सिलीला टोक केले. बाकीच्यांचे करून झाले. विमलचे राहिले आहे. तिच्या गालावर पेन्सिल नेली नि उचलली, असे दोनदा झाले.

पुढल्या आठवड्यात पेपर. उन्हाळ्यात डॉक्टरांना विचारायचे, नागपूरचे ठरवायचे की नाही ते तेव्हा. पाण्याची दुसरी बाटली आणली.

मागच्या खोलीत विमल ती बाटली हलवून राहिली आहे. आवाज येतो आहे. मी सांगितले नव्हते. काच टेबलावर आहे, पेन्सिल शेजारी. उद्या तिलाच विचारतो.